माळेगणीच्या घाटातली कुबडीची जागा

माळेगणीच्या घाटात, तिसऱ्या वळणावर, डांबरात मुठीएवढे एक भोक आहे. कुणी पाहुणा त्याला खड्डा म्हणाला, की वाट दाखवायला आलेले गेनूतात्या तिथेच थांबतात. "खड्डे खाली बक्कळ हायती. ही कुबडीची जागा हाय. चपला काढा." शेजारच्या संगमरवरी पाटीकडे ते बघतसुद्धा नाहीत. ती शेणाने सारवलेली असते.

असे सांगतात, की रस्त्याला 'वीर जवान महामार्ग' नाव द्यायचे ठरले तेव्हा गावात अकरा जुने फौजी हयात होते. लढाईत एक पाय गमावलेले हवालदार बाबाजी शेडगे त्यांतलेच. त्यांच्या बायकोने, हौसाबाईने, अकराही नावे स्वतःच्या हाताने लिहून कचेरीत दिली होती. नवऱ्याचे नाव त्याच्या डोळ्यांदेखत दगडावर यावे, एवढीच तिची आस.

पाटीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम नऊचा. फौजेत नऊ म्हणजे नऊ, म्हणून अकराही जण साडेआठलाच रांगेत उभे. डांबर आदल्या दिवशी घाईघाईने ओतलेले. मंत्र्यांची समजून पहिल्या गाडीला त्यांनी कडक सलाम ठोकला, तर आत जिलेबीची पातेली! मांडवातली पुढारी मंडळी पोट धरून हसली. त्या हसण्याची हौसाबाईला जन्मभर किळस राहिली म्हणे.

"बसा की आता," ती नवऱ्याला म्हणाली.

"हुकूम सुटला न्हाई अजून."

ऊन चढले, डांबर मऊ पडले, कुबडी वीतभर रुतली. मंत्री बाराला उगवले, तेही सजवलेल्या बैलगाडीतून. पडदा सरला. पाटीवर मंत्र्याचे नाव, सभापतीचे, ठेकेदाराचे, ठेकेदाराच्या मेव्हण्याचेसुद्धा. अकरांपैकी एकाचेही नाही. हौसाबाईने तीनदा वाचले, मग पचकन थुंकली. मिरवणुकीच्या बैलांचे ताजे शेण दोन्ही हातांनी उचलून तिने पाटी वरपासून खालपर्यंत सारवली.

"सारवल्याबिगर हितं उभं ऱ्हाण्याजोगं न्हाई," ती म्हणाली. आणि नवरा गावच्या पोरांची कवायत संपवताना रोज द्यायचा तो हुकूम तिने खड्या आवाजात दिला, "विसर्जन!"

कुबडी उपटून हवालदार वळले. मागोमाग दहा जण. जिलेबीला कुणी शिवले नाही.

कचेरीची माणसे दरवर्षी ते भोक बुजवतात आणि पंधरवड्यात ते पुन्हा उघडते म्हणे. आजही पोळ्याला गावच्या बायका पाटी सारवतात. आजही माळेगणीचा जवान भरती झाला, की पाटीकडे पाठ करून त्या भोकापाशी उभा राहतो, अकरा नावे म्हणतो, सलाम करतो, आणि घरची बाई 'विसर्जन' म्हणेपर्यंत जागचा हलत नाही.