बेरकी कुणाला म्हणावं

शब्दकोश लिहिणारे शास्त्रीबुवा देशमुखांच्या ओसरीवर बसले होते. ‘बेरकी’ या शब्दाला त्यांना उदाहरण हवं होतं. देशमुखांनी अंगणात उभ्या असलेल्या गोजरा कुंभारणीकडे बोट दाखवलं. “हिचंच नाव घाला! मी येणार म्हटलं की खणखणीत मडकी लपवते.” बुवांनी तिचं नाव लिहून घेतलं.

गोजराच्या अंगाचा तिळपापड झाला. “बुवा, टिचकी मारमारून माझी खणखणीत मडकीच तेवढी फुकट उचलून नेणाऱ्याला काय म्हणता?”

बुवा देशमुखांकडे बघून हसले. “चाणाक्ष!”

“म्हणजे अक्कल दोघांची सारखीच. मग कोशात हेही लिहा, की शब्द निवडण्याआधी माणूस ओसरीवर बसलाय की अंगणात उभा आहे, तेवढं बघून घ्यावं!”

बुवांनी लिहिलेलं खोडलं आणि दौत उचलून ते अंगणात उतरले.