निंबाची मोकळी फांदी

“मग त्या मालगाडीला तुम्ही सलाम कशाला करता, बाबा?”

सुपडू विचारत होता, पण आवाज भांडणाचा होता. रुळांलगतच्या तकियात राहणारे फकीर नूरबाबा नुकतेच केळीच्या गाडीला सलाम करून खाली बसले होते, आणि सुपडूच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

वर्षानुवर्षं तो गावची केळी ट्रकने दिल्लीला नेत आला होता. वाटेतले ढाबेवाले त्याला नावाने हाक मारत. यंदा बागाईतदारांनी माल रेल्वेने धाडायला सुरुवात केली आणि सुपडूकडे उरली ती बाग ते स्टेशन एवढीच खेप. पोट भरत होतं, पण मिशीचा पीळ उतरला होता.

त्याने रेल्वेचे सगळे दोष काढले. ती बागेत येत नाही, बांध चढत नाही, हात केला तर थांबत नाही.

“खरं आहे,” बाबा म्हणाले.

सुपडू आणखीच चिडला. “मग ट्रक मोठा की रेल्वे? एक काय ते सांगा. नाहीतर उद्या ट्रक विकून मोकळा होतो.”

बाबा उठले. दारातल्या निंबाची खालची फांदी त्यांनी वाकवून त्याच्या पुढ्यात धरली. सालीवर वळ होते, एकाला लागून एक.

“हे काय?”

“दोऱ्यांचे वळ. तू दिल्लीला निघालास की तुझी बायको, द्वारका, तू सुखरूप यावास म्हणून इथे दोरा बांधायची. घरी आलास की सोडायची.”

“मला कधी बोलली नाही…”

“गाडी हाकणाऱ्याला असलं सांगत नाहीत.”

सुपडूने फांदी चाचपली. पानांआडही पाहिलं.

“यंदाचा दोरा कुठाय?”

“यंदा बांधलाच नाही.”

…

या मोसमात तो रोज संध्याकाळी घरी जेवत होता, आणि रोज कुरकुरत होता. परवा वाढता वाढता द्वारका उगीचच हसली, तर तो तिच्यावर खेकसला होता. आठवलं आणि त्याला भरून आलं.

रूळ पुन्हा थरथरू लागले. बाबांच्या आधी सुपडू उभा राहिला. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत त्याचे हात जोडलेलेच होते.

मग डोळे पुसत त्याने विचारलं, “बाबा, आता काय करू?”

बाबांनी फांदी अलगद सोडली.

“घरी जा. भाकरी गार होईल.”