वानरी आणि आईची पाठ

एका डोंगरावरच्या जांभूळवनात वानरांची मोठी टोळी राहत असे. पूर्वी तिथे एका दांडगट हुप्प्याचे राज्य होते. टपोरी जांभळे त्याची, किडकी बाकीच्यांची. शेवटी सगळे वानर एक झाले, त्यांनी त्याला हुसकावून लावले, आणि ज्याने ही लढाई उभी केली तो वानर पुढारी झाला. "आजपासून झाडे सगळ्यांची," तो म्हणाला. टोळी रात्रभर नाचली, आणि मुलांनो, तो आनंद खोटा नव्हता. पण पुढे पुढाऱ्याच्या डोक्यात भलतेच शिरले. जांभळे लवकर मिळावीत म्हणून त्याने ती हिरवीच तोडून गवताच्या आढीत घालायला लावली. सगळी कुजली. टोळी उपाशी राहिली आणि मोठी माणसे, म्हणजे मोठी वानरे, कुजबुजू लागली.

वानर मनातले बोलतात ते उवा वेचताना. एकाने पाठ द्यायची, दुसऱ्याने वेचायचे. समोर चेहरा नसतो, बोटे केसांतून फिरत असतात, जीभ आपोआप सैल होते. ही कुजबुज पुढाऱ्याच्या कानावर गेली आणि त्याला आपल्या जागेची धास्ती वाटू लागली. त्याने तरुण वानरांना तेवढे बोलावले. "हुप्प्या गेला, पण त्याचे विचार म्हाताऱ्यांच्या डोक्यात दडून बसले आहेत. ते हुडकून काढा. तुमच्याशिवाय हे कोण करणार?"

त्या गर्दीत एक तरुण वानरी होती. आजवर तिला कुणी काही विचारले नव्हते, आणि आता खुद्द पुढारी विचारत होता! तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले. डोंगरभर पळस फुलला होता. बाकीच्या तरुणांसारखे तिनेही लालभडक फूल कानामागे खोचले आणि निघाली. काय ते दिवस होते! शंभर शेपट्या एकदम उसळायच्या, दरी दणाणून जायची. काका नाही, मामी नाही, सगळे एकमेकांचे 'सोबती'. म्हाताऱ्यांच्या बसायच्या फांद्या त्यांनी कडाकड मोडल्या. ज्यांच्यापुढे कालपर्यंत मान खाली घालायची, त्यांना मोठ्या खडकावर कान धरून उभे केले. वानरीला भूक लागत नव्हती, झोप येत नव्हती. आपण जग नवे करतो आहोत, असे तिला अगदी मनापासून वाटत होते.

एका सभेत प्रत्येक जण कुणाचे ना कुणाचे नाव घेत होता. "सोबती, तुझ्याकडे काहीच नाही?" शेजारच्याने विचारले. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. वानरी ताडकन उठली आणि म्हणाली, "माझी आई म्हणाली, हुप्प्याच्या काळात निदान किडकी तरी जांभळे मिळायची. मी तिच्या उवा वेचत होते तेव्हा म्हणाली." एकच जल्लोष झाला. सोबत्यांनी तिला उचलून नाचवले. तिकडे आईने, कुणी सांगायच्या आधीच, स्वतःचे कान धरले. संध्याकाळी तिला दरीपलीकडच्या उजाड माळावर मुळे उकरायला धाडून दिले.

मग टोळीत कुणी कुणाला पाठ देईना. कोण जाणे, बोटे फिरवणारा उद्या खडकावर काय सांगेल! उवा माजल्या. जो तो एकटाच खाजवत बसे. पुढे तरुणांतच जुंपली. माझे फूल जास्त लाल की तुझे, यावरून डोकी फुटली. तेव्हा पुढाऱ्याने त्यांनाही वेगवेगळ्या माळांवर हाकलले. वानरीच्या कानामागचे फूल तिथे कधी गळून पडले, तिला कळलेही नाही.

काही वर्षांनी पुढारी मेला. नवा पुढारी खडकावर चढून म्हणाला, "झाले ती चूक होती. सगळ्यांनी आपापल्या झाडांवर परत यावे." एवढेच बोलला आणि उतरला.

वानरी धावतच जुन्या झाडाशी आली. आई आधीच पोहोचली होती. किती वाळली होती ती! तिने सरकून लेकीला जागा दिली आणि हातातली जांभळे तिच्यापुढे केली.

"आई, माझं चुकलं गं," वानरी रडत म्हणाली.

"लहान होतीस तू. खा आधी."

वानरीच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने डोळे पुसले, दोन जांभळे खाल्ली. आईचे अंग उवांनी भरलेले तिला दिसत होते. "इकडे पाठ कर ना, आई. वेचते मी."

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. मग मागे सरकून तिने आपली पाठ झाडाला घट्ट टेकवली.

"राहू दे, बाळ," ती म्हणाली. "मी खोडालाच घासते."

तात्पर्य : भरवशाने बोललेला शब्द चव्हाट्यावर मांडला, तर पुढे माफी मिळेलही, भरवसा मिळेलच असे नाही.