कुरियरचं दुकान घेणाऱ्या सगुणेची कहाणी

ऐका वेशीच्या आई, तुमची कहाणी. हमरस्त्याच्या काठी एक नगर होतं. तिथं केरबा आणि सगुणा असं जोडपं राहत होतं. केरबाची सूतगिरणी बंद पडली. घरात दोन लेकरं, चुलीवर पातळ आमटी. केरबा म्हणाला, "आता दुसऱ्याची चाकरी नको. कुरियरचं दुकान घालू." सगुणेनं माहेरच्या पाटल्या काढून त्याच्या हाती दिल्या. म्हणाली, "एवढंच आहे हो. जपून खर्चा."

मग तीन कंपन्यांची माणसं दारी आली. पहिला म्हणाला, "आमचं नाव देशभर." दुसरा म्हणाला, "आमची फ्रँचायझी सगळ्यांत स्वस्त." तिसरा म्हणाला, "आमच्या गाड्या वेळेवर." केरबाला पहिला आवडला. सगुणेला कळेना, कुणाचं खरं मानावं. ती वेशीच्या देवळात गेली, पायरीवर बसून रडू लागली.

तिथं एक म्हातारी आली. "बाई, बाई, का रडतेस?" सगुणेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "वसा देते, घेशील? तीन शुक्रवार उपास करावा. वेशीच्या आईला हळदीकुंकू वाहावं. मग एकेका कंपनीचं चालतं दुकान गाठावं. मालकाला नफा विचारू नये, घरच्या बाईला सुखदुःख विचारावं. तिघींचं ऐकल्याशिवाय सही करू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

पहिल्या शुक्रवारी सगुणा पहिल्या कंपनीच्या दुकानी गेली. पाटी मोठी, बाई सुकलेली. म्हणाली, "पार्सल वाटेत फुटतं, बोलणी आम्ही खातो. कंपनी फोन उचलत नाही."

दुसऱ्या शुक्रवारी दुसरीकडे गेली. तिथली बाई म्हणाली, "स्वस्तात मिळालं खरं. पण याच गल्लीत कंपनीनं आणखी एक दुकान दिलं, तेही माझ्या चुलत जावेला. आता आम्ही एकमेकींशी बोलत नाही." तिनं डोळ्यांना पदर लावला.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळीच पहिल्या कंपनीचा माणूस आला. "आज सही करा, नाहीतर दुसरा घेईल." केरबानं पेन उचललं. सगुणा म्हणाली, "अहो, आजचा दिवस थांबा." केरबा खवळला. "तुझ्या उपासांपायी माझं नशीब जाईल!" सगुणा म्हणाली, "त्या पाटल्या माझ्या आईनं राबून केल्या होत्या. एक दिवस तरी माझं ऐका." केरबा वरमला. पेन खाली ठेवलं. मग दोघं मिळून पुढच्या गावी तिसऱ्या कंपनीच्या दुकानी गेली.

तिथली बाई गाडीत गठ्ठे चढवत होती. "बस गं, एवढं झालं की बोलते." मग घाम पुसत म्हणाली, "खोटं कशाला सांगू? पाय भरून येतात, सणावाराला सुट्टी नाही. पण एक पेटी हरवली, तेव्हा कंपनीचा साहेब स्वतः आला. गिऱ्हाइकापुढं हात जोडून उभा राहिला. आम्हांला एकटं टाकलं नाही. आणि एवढ्या भागात दुसरं दुकान देणार नाही, असं लिहून दिलंय."

मग त्यांनी आपल्या नगरात तिसऱ्या कंपनीचं दुकान घेतलं, आपल्या भागाचंही तसंच लिहून घेतलं. दोघं राबली. चुलीवर दुसरं भांडं चढलं, लेकरं पोटभर जेवू लागली.

पुढं एके दिवशी नदीपलीकडची तान्हाबाई आली. "मला आमच्या गावी हेच दुकान काढायचंय. बाई, खरं सांगाल का?" केरबानं डोळ्यांनी खुणावलं, सांगू नकोस. लिहून घेतलेला भाग नदीपर्यंतच होता, पलीकडची गिऱ्हाइकं तुटली असती. सगुणेचंही मन डळमळलं. पण तान्हाबाईचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. तिनं चहा ठेवला, कष्ट सांगितले, बरकतही सांगितली. केरबा रुसला. तान्हाबाईनं दुकान काढलं, पलीकडची गिऱ्हाइकं गेली.

मग केरबाला ताप आला. उठवेना, बसवेना. सगुणेनं नवऱ्याकडे बघावं की दुकानाकडे? तान्हाबाईला कळलं. ती नदी ओलांडून आली, पदर खोचला आणि गठ्ठे उचलू लागली. केरबा बरा होईपर्यंत येत राहिली. शेवटी केरबा उठून बसला. तान्हाबाईला म्हणाला, "ताई, मी हिला गप्प बसवत होतो. बरं झालं, हिनं माझं ऐकलं नाही."

जशी वेशीची आई सगुणेला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. विचारणारीला खरं सांगणारी भेटो. ही लांब वाटेची कहाणी थोडक्या बोलांत सुफळ झाली, संपूर्ण झाली.