मक्याखालची माणसं

दीडशे इंग्रज अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहत करायला उतरले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यातले शंभर भुकेने नि तापाने गेले. आपण किती कमी उरलोय हे तिथल्या मूळ रहिवाशांना कळू नये, म्हणून उरलेल्यांनी थडगी सपाट केली आणि वर मका पेरला.

मका कापून झाला आणि इंग्लंडहून नवा कारभारी आला, सर अँब्रोज. अंगात मखमल, हातात चांदीच्या मुठीची काठी. आल्या आल्या त्याने मक्याची गरम लापशी मागवली आणि खाता खाताच फर्मान सोडलं, "आजपासून जो काम करणार नाही, त्याला खायला मिळणार नाही! इथे पन्नासच दिसतात. बाकीचे शंभर ऐदी कुठे लपलेत?"

लापशी वाढणारी मार्जरी तेवढी बोलली. तिचा नवरा त्या शंभरांतला.

"शेतात आहेत, साहेब. पुरलेत. तुम्ही खाताय तो मका त्यांच्याच अंगावर वाढलाय. ते राबतात, पण खात नाहीत. न राबता खाणारा इथे एकच माणूस दिसतोय. नियम त्याच्यापासूनच सुरू करू का?"

साहेबाने वाडगा दूर सारला. तो उठला आणि तडक जहाजाकडे चालू लागला.

कुणी हसलं नाही. वाडग्यात अर्धी लापशी उरली होती. ती कुठल्या ओळीतल्या मक्याची, हे मार्जरीला ठाऊक होतं. तिने उभ्या उभ्या वाडगा चाटूनपुसून साफ केला.