ओढ्यापलीकडचं सोनं

“यंदाच्या दसऱ्याला महाराज संकटकाळ उठवणार म्हणे, पण...”

एवढं बोलून दिवाणांची मोलकरीण गप्प झाली, कारण भिवरा आणि मी पाणवठ्यावर येताना तिला दिसलो. मी खोदून खोदून विचारलं. बया घागर उचलून चालती झाली!

भिवरा बुरूडीण माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिच्या जिवाला त्या ‘पण’चा घोर लागला. तिची लेक तुळसा ओढ्यापलीकडे, तळकोटच्या राज्यात दिलेली. आता पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही जगाची रीत. भिवरानं बाळाला निजवायला नवं सूपसुद्धा विणून ठेवलेलं. पण आमच्या उंबरगडातून जायला मोकळीक, तळकोटचं काहीही आत यायला मात्र बंदी! मीठ नाही, सुकट नाही, लेकही नाही!

का? तर तळकोटच्या राजानं एका लग्नात आमच्या धैर्यशील महाराजांना दुसऱ्या पंगतीला बसवलं. वर मठ्ठाही आंबट! महाराज ताटावरून उठून आले आणि ‘राज्यावर असाधारण संकट’ जाहीर करून मोकळे झाले. पुढे तो राजा वारला, त्याचा आचारीही वारला. संकट मात्र दर दसऱ्याला ताजं! महाराज वाजतगाजत ओढ्यावर जायचे, दवंडीवाला ओरडायचा, “संकट अजून टळलेलं नाही! बंदी आणखी एक वर्ष!” लोक टाळ्या वाजवायचे आणि श्रीखंड वितळायच्या आत घर गाठायचे.

भिवरा तडक दरबारात गेली. मीही गेले. बाईमाणसाला सोबत नको का?

“महाराज, माझ्या लेकीला बाळंतपणाला येऊ द्या.”

“तळकोटहून? अशक्य!” महाराज गरजले. “तिथल्या झाडाचं पान जरी आत आलं, तरी आणणारा तुरुंगात! राज्य संकटात आहे, बाई!”

“असेल, महाराज. पण पोटातल्या लेकराला कसलं भ्यायचं? ते अजून पंगतीलासुद्धा बसत नाही!”

दरबारात खसखस पिकली. दिवाण त्र्यंबकपंतांनी डोळे वटारले, तशी ती मिशांआड गेली. महाराजांचे कान लाल झाले.

“फार बोलतेस! मग ऐक. तळकोटची अशी एक वस्तू मला दाखव, जी माझी सगळी प्रजा हात पुढे करून घेते, मीसुद्धा माथ्याला लावतो. पण ती सीमेच्या आत तू आणायची नाहीस! दसऱ्यापर्यंत दाखवलीस, तर लेक येईल. नाही तर तिचं नाव पुन्हा या दरबारात काढायचं नाही!”

घरी येताना मी कपाळावर हात मारला. “भिवरे, आणायची नाही आणि दाखवायची, म्हणजे काय स्वप्नात? गप हो म्हणायचं होतंस!”

भिवरा घरी पोचली ती थेट कामाला लागली. अंगणात बसून बांबू सोलत राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र भिंतीवरून डोकावली. “वैनी, उद्या दरबाराला चला. नवं लुगडं नेसून.”

दसऱ्याला सगळं रिवाजाप्रमाणे झालं. महाराज ओढ्यावर गेले, दवंडीवाल्यानं संकट पिटलं, बंदी एक वर्षानं वाढली. मग महाराजांनी ओढा ओलांडून सीमोल्लंघन केलं, पलीकडच्या आपट्याच्या फांदीवर तलवार चालवली आणि पानं हत्तीवर लादून वाजतगाजत परत आले. दरबारात महाराजांनी पहिलं पान स्वतःच्या माथ्याला लावलं आणि वाटायला सुरुवात केली. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!” जो तो हात पुढे करी, पान माथ्याला लावी.

भिवराची पाळी आली. तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले!

“घे की सोनं!” महाराज म्हणाले.

“नको, महाराज. मला तुरुंगात जायचं नाही.”

“काय बरळतेस?”

“हा आपटा कुणाच्या मुलखातला, महाराज? सारी प्रजा हात पुढे करून तळकोटचं पान घेतेय. मी तर काडीही आणली नाही. आणणारे...” तिनं पदर सावरला, “आणणारे हत्तीवर बसून आले!”

माथ्याकडे निघालेले हात वाटेतच थांबले. हत्तीनंसुद्धा कान हलवायचे थांबवले असतील!

त्र्यंबकपंत घाईनं पुढे झाले. “महाराज, ते झाड आपण आपल्याच हद्दीत धरू या!”

“धरा की, पंत,” भिवरा म्हणाली. “पण मग महाराजांनी सीमा ओलांडलीच नाही. यंदाचा दसरा झालाच नाही म्हणायचा! श्रीखंड परत चक्क्यात घाला!”

महाराज हातातल्या पानाकडे बघत राहिले. आधी मिशी हलली, मग पोट. “पंत, पकडा रे मला कुणीतरी!” ते खदखदून हसले. “बाई, जिंकलीस! तुळसेला आणायला माझा मेणा जाईल. बाळंतविडा माझ्याकडून, आणि तुला सोन्याच्या पाटल्या! या पानाच्या नव्हे, खऱ्या सोन्याच्या! आता सांग, संकटकाळ उठवूनच टाकू का?”

पंत पांढरेफटक पडले. “महाराज! नाक्यावरचे शिपाई, दवंडीवाले, माझे दोन मेव्हणे... सगळी संकटावरच तर जगतात हो!”

“मग राहू द्या की बिचाऱ्या संकटाला,” भिवरा म्हणाली. “इतकी घरं पोसतंय ते! फक्त त्याला म्हणावं, लेकीबाळींच्या वाटेतून जरा बाजूला सरक.”

महाराज इतके हसले की पागोटं कानावर आलं.

संध्याकाळी दवंडी पिटली, “संकट अजून टळलेलं नाही! मात्र माहेरवाशिणींना आणि आपट्याच्या पानांना वाट मोकळी!”

मेणा ओढ्याकडे निघाला, तेव्हा दिवाणांची मोलकरीण दारात उभी होती. “सांगितलं नव्हतं मी?” ती म्हणाली.

“अर्धंच सांगितलंस, बाई,” मी म्हटलं. “तुझ्या त्या ‘पण’मध्ये पंतांचे मेव्हणे होते! संकट उठलं कुठे? नुसतं सरकलं!”