नोलनबाबाचं फाटक

पाथरकुंडीच्या माळावर, रेल्वेच्या जुन्या बंगल्याच्या चौथऱ्यापुढे दोन दगडी खांब उभे आहेत. बिजागऱ्यांचं लोखंड अजून त्यांत दिसतं, फाटक मात्र नाही. कुंपण केव्हाच गेलं. चहूकडून वाट मोकळी, तरी गावातली जाणती माणसं त्या दोन खांबांमधूनच जातात आणि जाताना पायातलं काढतात. पाहुण्यांनी कारण विचारलं, की बाळकोबा गुरव आधी "उन्हातनं आलाय, पाणी प्या" म्हणतात आणि मग सांगायला बसतात.

पहिल्या मोठ्या लढाईच्या काळात इथे नोलन नावाचा साहेब राहत असे. घाटातल्या रुळांवर देखरेख ठेवणं हे त्याचं काम. साहेब खरा, पण इंग्रज नव्हे, आयर्लंडचा. कुणी चुकून इंग्रज म्हटलं, की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. त्याच्या बापाचं घर इंग्रज जमीनदाराने भर पावसात पाडलं होतं, असे सांगतात. बायको बाळंतपणात गेली, आणि मुलगा कॉनर घरी स्वयंपाकाला येणाऱ्या गोजराबाईच्या मांडीवर वाढला. गाव त्याला कानू म्हणे. भाकरी-ठेच्यावर पोसलेलं पोर. डोळे मिटून ऐकलं तर गावचंच वाटावं.

लढाई पेटली, गावची पोरं पलटणीत गेली, तसा कानूही भरती झाला. बापाने आकाशपाताळ एक केलं.

"इंग्रजाचा डगला अंगात घालतोस?"

"तुम्ही त्यांचंच मीठ खाता की, बाबा."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच नोलनला झोंबलं. त्या कपड्यात या फाटकातून आत पाऊल टाकायचं नाही, असं त्याने पोराला बजावलं.

बोटीवर चढण्याआधी कानू एकदा भेटायला आला म्हणे. गोजराबाई बाजाराला गेली होती. फाटकाला कुलूप. पोराने हाका मारल्या. फाटक ते केवढं, कमरेएवढं. उडी मारून सहज आत आला असता. पण बापाचा शब्द त्याने मोडला नाही. नोलन आत खुर्चीत बसून ऐकत राहिला. आणखी एकदा हाक मारू दे, मग उठतो, असं मनाशी म्हणत राहिला. ती हाक आलीच नाही. तो बाहेर आला तेव्हा गाडी सुटली होती.

पुढे फ्रान्सच्या चिखलात कानू पडल्याची तार आली. बापाच्या नशिबी मूठभर माती द्यायचंही आलं नाही. त्या हाकांची गोष्ट नोलनने कुणाला सांगितली नाही. लोक येऊन त्याचं सांत्वन करत, गोजराबाई त्याला बळेच जेवू घाली, आणि तो अर्ध्या ताटावरून उठे. गावाला ते दुःख वाटे. खरं तर ती लाज होती.

सर्वपित्री अमावस्येला गोजराबाईने कानूच्या नावाने पान वाढलं. ख्रिस्ती पोराला हे कशाला, असं कुणीतरी कुजबुजलंच. "कावळ्याला जात नसती," म्हातारी म्हणाली आणि तिने पान खांबावर ठेवलं. झाडावर कावळे चिक्कार, पण एक शिवेल तर शपथ. मग पोराची काय इच्छा राहिली, ते ओळखायला सारा गाव लागला. तुझ्या कुत्र्याला सांभाळू, असं एकाने कबूल केलं. दुसरा हात जोडून म्हणाला, "कानू, तुझी विटी मीच चोरली होती, परत देतो." लोक रडता रडता हसले. कावळा ढिम्म. दुपार कलली. शेवटी गोजराबाई स्वतःलाच बोल लावू लागली.

"माझंच कायतरी चुकलं. जाताना पोराच्या हातावर दही घातलं न्हाई मी."

तेवढं मात्र नोलनला ऐकवेना.

"तुझं नाही चुकलं, बाई. तो आला होता. हाका मारत होता. मी उठलो नाही."

नोलनने पहार आणली, फाटक बिजागऱ्यांतून उखडलं आणि बाजूला टाकलं. मग पायातले बूट काढून तो दोन खांबांमध्ये अनवाणी उभा राहिला. "ये, कानू," तो म्हणाला. "आहेस त्या कपड्यात ये." तेव्हा कावळा उतरला, असे सांगतात.

गोजराबाईने पुढे वर्षभर त्याच्याशी शब्द काढला नाही. जेवण मात्र रोज वाढलं. फाटक त्याने पुन्हा लावलं नाही. गुरं शिरून बाग फस्त करून गेली, तरी तो पडवीत बसून रस्त्याकडे बघत राही. तिथेच गेला.

आजही सर्वपित्रीला दोन खांबांवर दोन पानं ठेवतात. कानूच्या पानाला कावळा लगेच शिवतो. नोलनबाबाच्या पानाकडे बघतसुद्धा नाही. मग गोजराबाईच्या घरचं कुणीतरी अनवाणी पुढे होतं आणि खांबांमध्ये उभं राहून मोठ्याने सांगतं, "बाबा, पोरगं घरात आलंय. आता तुम्ही जेवा."

मग शिवतो. "पण दर वर्षी सांगावं लागतं," बाळकोबा म्हणतात.